बंकरमधला क्लेरिक

फौजेत ‘खेळ’ म्हटलं की व्हॉलीबॉलचं नेट आठवतं, नाहीतर क्रॉस कंट्रीच्या शेवटच्या मैलाला तोंडाला आलेला फेस. पण खिंडी बंद झाल्या आणि चौकी बर्फाखाली गेली की यातलं काहीच चालत नाही. मग रमी चालते, पावडर संपेपर्यंत कॅरम चालतो, आणि चौथा गडी मिळाला तर ब्रिज. लडाखमधल्या माझ्या एका हिवाळ्यात या यादीत एका खेळाची भर पडली. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. जागेचं नाव लिहीत नाही. उंची १२,००० फुटांच्या वर होती, एवढं पुरे. मी तेव्हा पलटणीत टू-आय-सी होतो.

खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. आमचा सर्वांत धाकटा लेफ्टनंट सुट्टीवरून परत येताना ट्रंकेत एक जाड पुस्तक आणि फाशांची पिशवी घेऊन आला होता. फासे सहा पैलूंचे, तसेच चार, आठ, दहा, बारा आणि वीस पैलूंचेही. ज्यांच्या घरी नातवंडं आहेत त्यांनी हे फासे पाहिले असतील. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. यात पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. एक जण सूत्रधार. तो प्रसंग उभा करतो: समोर गुहा आहे, आतून धूर येतोय, काय करता? बाकीचे प्रत्येकी एक पात्र होऊन उत्तर देतात. जमलं की फसलं हे फासा ठरवतो. हरणं-जिंकणं असं काही नाही. सगळे मिळून एकच तुकडी.

माजी सैनिक मित्रहो, हा पोरखेळ वाटत असेल तर आपलं सँड मॉडेल आठवा. नातं अगदी खरं आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने वडिलांनी सुरू केलेला युद्धखेळ नीट नियमांत बसवला. नकाशा, ठोकळे, फासे, आणि निकाल देणारा एक पंच. तोच धागा पुढे हौशी लोकांच्या हाती गेला आणि १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ छापला. हा राइसविट्झ तोफखान्यातला होता, हे कळल्यावर आमच्याकडे अटॅच असलेला गनर दोन दिवस कॉलर ताठ करून फिरत होता.

तर पात्रं. १९७४ च्या त्या पहिल्या संचात तीनच प्रकार होते: लढणारा, जादूगार आणि क्लेरिक. क्लेरिक म्हणजे देवाचा माणूस. त्याची शक्ती पोथ्या पाठ करून आलेली नसते, ती देवाकडून येते. तो जखमा भरतो, रक्षण करतो, आशीर्वाद देतो. पण तो गाभाऱ्यात बसलेला पुजारी नव्हे. अंगात चिलखत, हातात ढाल, आणि सुरुवातीच्या नियमांत धारदार शस्त्राला बंदी, म्हणून गदा. देवाच्या माणसाने रक्त सांडू नये म्हणून तो गदा वापरतो, अशी एक जुनी युरोपीय समजूत आहे. १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईचं जे भरतकाम फ्रान्समध्ये जपून ठेवलंय, त्यात बिशप ओडो घोड्यावर बसून सोटा उगारताना दिसतो. मी साताऱ्याकडचा. समर्थांच्या मारुतींच्या मुलखात वाढलेल्या माणसाला गदेसकट देव समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या टेबलावर क्लेरिक माझ्या वाट्याला आला, कारण तो उरला होता. बाकीच्यांनी आपापली पात्रं आधीच पटकावली होती. अ‍ॅडज्युटंट दिवसभर कागदांवर सह्या करून कंटाळलेला. त्याने ‘बार्बेरियन’ घेतला: ओरडत पुढे धावायचं आणि कुऱ्हाड चालवायची. डॉक, म्हणजे आमचा रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर, केरळचा कॅप्टन. त्याला सगळ्यांनी एकमुखाने क्लेरिक हो म्हटलं. तो म्हणाला, “सर, दिवसभर तेच करतो. रात्री मला चोर होऊ द्या.” त्याने ‘रोग’ घेतला: अंधारात एकटाच सटकणारा, कुलपं उघडणारा. गनरने जादूगार घेतला, आणि कारणही तोफखान्याचंच दिलं. पाचव्या पातळीला ‘फायरबॉल’ मिळतो, १५० फूट रेंज, २० फूट त्रिज्या. “तोपर्यंत मला जिवंत ठेवा, सर,” एवढंच त्याचं मागणं.

लेफ्टनंटने मला एक कोरा कॅरेक्टर शीट दिला आणि एक आठवडा. वर सांगितलं, “सर, क्लेरिकमध्ये निवडायला सगळ्यात जास्त आहे.” माझा रेडिओ ऑपरेटर बाजूलाच होता. त्याने ऐकलं ‘क्लार्क’. टू-आय-सी साहेब खेळात क्लार्क झालेत, ही बातमी लंगरपर्यंत गेली आणि हेडक्लार्कने दुसऱ्या दिवशी माझ्याकडे जरा आपुलकीने पाहिलं. गंमत म्हणजे ऑपरेटर चुकला नव्हता. इंग्रजीतले हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेत. एके काळी तिकडे लिहिता-वाचता येणारा माणूस म्हणजे बहुधा चर्चचाच असायचा.

पहिल्या दोन गोष्टी झटपट झाल्या. जात निवडायची होती: मानव, एल्फ, ड्वॉर्फ वगैरे. मी ‘हिल ड्वॉर्फ’ घेतला, डोंगरातला बुटका आणि चिवट. माझी पलटण डोगरा जवानांची. वीस वर्षं डोंगराळ माणसांबरोबर राहिल्यावर दुसरं काही सुचलंच नाही. मग गुण. २७ पॉइंट मिळतात, ते सहा गुणांत वाटायचे. पंधरा, चौदा, तेरा, बारा, दहा, आठ अशी वाटणी नेमकी २७ मध्ये बसते. क्लेरिकची जादू चालते ‘विज्डम’वर, म्हणजे शहाणपणावर. हुशारीवर नव्हे, हुशारी जादूगाराकडे. शहाणपणाला १५, काटकपणाला १४. ताकदीला १३, कारण साखळ्यांचं चिलखत पेलायला नेमके १३ लागतात. हिल ड्वॉर्फ शहाणपणात एक आणि काटकपणात दोन वाढवून देतो, म्हणजे दोन्ही १६. शेवटचा आठ कुठे द्यायचा? मी ‘करिष्म्या’ला दिला. त्यावर टेबलाभोवती कुणीच हरकत घेतली नाही, हे मी लक्षात ठेवलं.

गाडी अडली ती डोमेनपाशी. डोमेन म्हणजे देवाचं क्षेत्र, तुमचा देव कशाचा आहे ते. आमच्याकडचं पुस्तक २०१४ चं, त्यात सात होती: ज्ञान, जीवन, प्रकाश, निसर्ग, वादळ, छल आणि युद्ध. २०२४ च्या नव्या पुस्तकात चारच आहेत आणि तिथे ही निवड तिसऱ्या पातळीपर्यंत थांबते. आमच्यात मात्र पहिल्या दिवशीच ठरवायचं, आणि एकदा ठरलं की ठरलं.

ऑपरेटरचं मत पडलं प्रकाशाला. आमच्या पलटणीचा जयघोष ‘ज्वाला माता की जय’. कांगड्याच्या त्या देवळात मूर्ती नाही, खडकातून निघणारी ज्योत हीच देवी. प्रकाशाच्या क्लेरिकला शत्रूच्या डोळ्यांवर झोत टाकून वार चुकवता येतो. सगळं जुळत होतं. पण मी ते केलं नाही. फौजेत अधिकाऱ्याचा धर्म तोच, जो त्याच्या जवानांचा. साताऱ्याचा मी, कांगड्याच्या देवीपुढे वीस वर्षं डोकं टेकवतो आहे, आणि त्या डोकं टेकवण्यात नाटक नाही. ती देवी मी फाशांच्या टेबलावर आणणार नव्हतो. शीटवर देवाच्या रकान्यात मी लिहिलं, ‘डोंगरातला, बिननावाचा’. लेफ्टनंट समजूतदार होता, त्याने विचारलं नाही.

राहिली दोन: युद्ध आणि जीवन. युद्धाच्या क्लेरिकला सगळी शस्त्रं मिळतात, जड चिलखत मिळतं आणि दिवसातून काही वेळा एक जादा वार करता येतो. जीवनाच्या क्लेरिकलाही जड चिलखत मिळतं, पण जादा वार नाही. त्याच्या हातून कुणाची जखम भरली की ती थोडी जास्त भरते. माझं मन कुठे ओढ घेत होतं हे सांगायला नको. एन.डी.ए.त तीन वर्षं आणि नंतर पलटणीत उभं आयुष्य एकच शिकलेला माणूस युद्धाला ‘नको’ म्हणेल कसा? दोन दिवस शीट तसाच राहिला.

मग ती रात्र आली.

फॉरवर्ड पोस्टवरून संध्याकाळी दोन जवान खाली आणले. दोघेही अ‍ॅक्लमटायझेशन पुरं केलेले: १२,००० फुटांपर्यंत सहा दिवस, १५,००० पर्यंत चार, त्यावर आणखी चार. तरीही एकाला हापो झालं होतं. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. फुफ्फुसात पाणी भरतं, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो, माणूस कोरड्या जमिनीवर बुडत असतो. दुसऱ्याचा त्रास सुरू होत होता. याला औषध एकच: खाली नेणं. पण बर्फ पडत होता, रस्ता नव्हता आणि रात्री हेलिकॉप्टर येणार नव्हतं. डॉककडे ऑक्सिजन होता आणि हापो बॅग एकच होती.

ही बॅग म्हणजे माणूस मावेल अशी हवाबंद पिशवी. पंपाने आत हवा भरली की दाब वाढतो आणि रोग्याच्या शरीराला आपण काही हजार फूट खाली उतरलो असं वाटतं. पंप थांबवायचा नाही, कारण आतली हवा सतत बदलावी लागते. डॉकने दोघांना पाच मिनिटं तपासलं. फेस येत होता त्याला बॅगेत घेतलं, डोक्याकडची बाजू उंच केली. दुसऱ्याला टेकून बसवलं, सिलिंडर लावला आणि एका नर्सिंग असिस्टंटला सांगितलं की याचा हात सोडायचा नाही. जवान दहा-दहा मिनिटांच्या पाळीने पंप मारत होते. त्या उंचीवर दहा मिनिटं म्हणजे चेष्टा नव्हे. आमचे पंडितजी, म्हणजे पलटणीचे धर्मगुरू नायब सुभेदार, त्यांनीही पाळी घेतली. मध्ये दम घ्यायला ते माझ्या शेजारी बसले. म्हणाले, “साब, मंदिर से ज़्यादा तो मैं एम.आई. रूम में बैठता हूँ।” आणि परत पंपावर गेले.

पहाटे ढग फाटले. चीता आलं. दोघेही खाली गेले आणि दोघेही वाचले.

हेलिकॉप्टरचा आवाज विरल्यावर डॉक बुखारीपाशी बसला. चहाचा मग हातात, पण पीत नव्हता. म्हणाला, “सर, मी रात्रभरात कुणालाच बरं केलं नाही. फक्त सकाळपर्यंत पोचवलं.”

त्याच दिवशी रात्री मी शीट काढला आणि पहिल्यांदाच बाकी तिघांचे शीट मागून घेतले. शेजारी शेजारी मांडले. अ‍ॅडज्युटंट पुढे धावणार आणि सगळ्यात आधी मार खाणार. डॉक डावीकडच्या अंधारात एकटा. गनर मागे, ज्याला धक्का लागला तरी तो कोसळेल. तिघे तीन दिशांना. या तुकडीत चौथा तलवारवाला घालून काय होणार होतं? माझ्या क्लेरिकने काय घ्यावं, हे त्या तीन कागदांवर लिहिलेलं होतं. मी डोमेनच्या रकान्यात ‘जीवन’ लिहिलं.

पुढची निवड मंत्रांची, आणि ती डॉकबरोबर बसून केली. क्लेरिकचं एक वैशिष्ट्य मला फार आवडलं. जादूगार आपल्या वहीत जेवढं लिहिलंय तेवढ्यातूनच निवडतो. क्लेरिकपुढे त्याच्या पातळीची सगळी यादी खुली असते, पण रोज रात्रीच्या विश्रांतीनंतर त्याने देवाकडे आज काय मागायचं ते ठरवायचं. माझ्या पहिल्या पातळीच्या क्लेरिकला चार मंत्र तयार ठेवता येत होते, डोमेनचे दोन फुकट, आणि दिवसभरात ते वापरता येणार फक्त दोन वेळा. देव सर्वशक्तिमान, झोळी मात्र मोजकी. पेट्रोलवर निघताना पाठीवरचं ओझं ठरवणाऱ्या प्रत्येकाला हे कळेल.

जखम भरायचे दोन मंत्र आहेत. ‘क्युअर वूंड्स’मध्ये आठ पैलूंचा फासा, पण जखमीला हात लावावा लागतो आणि पाळीतली मोठी कृती त्यात खर्च होते. ‘हीलिंग वर्ड’मध्ये चारच पैलू, पण ६० फुटांवरून नुसता शब्द उच्चारायचा, आणि तो पाळीतल्या छोट्या कृतीत बसतो, म्हणजे मोठी कृती हातात राहते. डॉकने कागदावर हिशोब मांडला. शहाणपणाचे तीन आणि जीवन डोमेनचे तीन धरले, तर पहिल्यात ७ ते १४, दुसऱ्यात ७ ते १०. “सर, कमीत कमी दोन्हीकडे सातच. आणि पडलेला माणूस कधीही हाताशी नसतो.” हीलिंग वर्ड घेतला.

डोमेनबरोबर मिळणाऱ्या दोन मंत्रांत एक ‘ब्लेस’. तीन जणांना आशीर्वाद, त्यांच्या फाशात चार पैलूंची भर. आम्ही चौघे. तीन म्हणजे मला सोडून नेमके बाकीचे. चेटवुड हॉलमध्ये जो क्रम लिहिलाय तो ज्यांना पाठ आहे, त्यांना हा मंत्र समजावून सांगायला नको.

याशिवाय क्लेरिकला तीन छोटे मंत्र मिळतात, जे कितीही वेळा चालतात पण पुन्हा बदलता येत नाहीत. दोन घेतले होते, तिसऱ्यासाठी मी काहीतरी मारक शोधत होतो. डॉकने बोट ठेवलं ते ‘स्पेअर द डाइंग’वर. शून्यावर गेलेल्या माणसाला हात लावायचा. तो मरणार नाही. शुद्धीवर येणार नाही, उठणार नाही, एक पॉइंटही मिळणार नाही. अनुभवी खेळाडू याला वाया घालवलेली जागा म्हणतात, असं लेफ्टनंटने प्रामाणिकपणे सांगितलं. डॉक म्हणाला, “हे बरं करत नाही, फक्त मरू देत नाही. माझा अख्खा एड पोस्ट म्हणजे हेच आहे, सर.”

मी तो घेतला.

दुसऱ्या बैठकीत त्याची वेळ आली. गुहेत ऑर्कांनी आम्हाला गाठलं. अ‍ॅडज्युटंट अपेक्षेप्रमाणे ४० फूट पुढे जाऊन पडला. डॉकचा चोर माझ्या पायाशी कोसळला. या खेळात शून्यावर गेलेला माणूस दर पाळीला वीस पैलूंचा फासा टाकतो. दहा किंवा वर आलं तर एक यश, खाली आलं तर एक अपयश. तीन अपयशं झाली की संपलं. दोघांची दोन-दोन अपयशं झालेली. माझ्याकडे दिवसातला शेवटचा मंत्र. बंकरमध्ये फक्त बुखारीचा आवाज. सात-आठ जवान दारात उभे राहून पाहत होते, आणि त्यांना नियम आमच्याइतकेच येत होते.

मी छोटी कृती अ‍ॅडज्युटंटवर खर्च केली. ४० फुटांवरून हीलिंग वर्ड, फासा पडला एक, म्हणजे एकूण सात. तो उठला. मोठी कृती शिल्लक होती. खाली वाकून चोराला हात लावला आणि म्हणालो, स्पेअर द डाइंग. एकाच पाळीत दोघे. नियमाने हे बसतं, लेफ्टनंटने पुस्तक उघडून खात्री केली.

डॉकने माझ्याकडे पाहिलं. “बॅग आणि सिलिंडर,” एवढंच बोलला. दारातून कुणीतरी टाळी वाजवली.

खिंड उघडेपर्यंत आम्ही पाचव्या पातळीला पोचलो. गनरला त्याचा फायरबॉल मिळाला आणि त्याने तो बंदिस्त खोलीत उडवला. त्यावर वेगळा लेख होईल. मला त्या पातळीला ‘रिव्हिव्हिफाय’ मिळाला, एका मिनिटाच्या आत मेलेल्याला परत आणणारा. त्याला ३०० सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो आणि तो त्यात खर्च होतो. तेवढा हिरा आम्हाला कधीच परवडला नाही. त्यामुळे शेवटपर्यंत कुणाला मरूच न देणं एवढाच मार्ग राहिला.

नंतर बदली झाली. डॉक आता एका मोठ्या हॉस्पिटलात आहे. हिवाळा आला की आम्ही कधीमधी व्हिडिओ कॉलवर खेळतो. तो अजूनही चोर, मी अजूनही क्लेरिक.

तुमच्या घरी नातवंडं हा खेळ खेळत असतील आणि एखादा गडी कमी पडला, तर जरूर बसा. बहुतेक वेळा क्लेरिकची जागा रिकामी असते. तीच घ्या. आणि आपला कागद भरायच्या आधी बाकीच्यांचे कागद मागून घ्या. कोण पुढे धावणार, कोण अंधारात एकटं जाणार आणि कोण मागे राहणार, ते पाहा. मग देवाकडे काय मागायचं ते आपोआप सुचेल.

जय हिंद.